नदीचं प्रदूषण मोजायचंय? कोणती पद्धत कधी घ्यायची, कान्हकाठी शिकलेलं

इंदूरात दर वर्षी कॉलेजची चार-पाच मुलं तरी मला विचारतात की काका, कान्ह नदीवर प्रोजेक्ट करायचाय, मीटर कुठला घेऊ आणि मॉडेल कुठलं वापरू. मी त्यांना उलट विचारतो की तुला नदीबद्दल नक्की काय जाणून घ्यायचंय ते एका वाक्यात सांग, आणि बहुतेक वेळा तिथंच गाडी अडते. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी. उदाहरणं कान्हची देतोय कारण ती घराजवळ आहे, पण पद्धत कुठल्याही नदीला लागू पडते.

आधी प्रश्न

प्रश्न साधारण तीन जातीचे असतात. एक, हे पाणी अमुक कामाला चालेल का, म्हणजे आंघोळीला, शेतीला, माशांना. दोन, घाण येते कुठून आणि कुठल्या नाल्याचा वाटा किती. तीन, उद्या हा नाला बंद केला किंवा प्रक्रिया सुधारली तर खाली तीस किलोमीटरवर काय फरक पडेल. पहिल्याला मॉडेलची, म्हणजे नदीत पुढे काय होईल ते गणिताने काढण्याची, अजिबात गरज नाही, नीट घेतलेली सॅम्पल आणि चांगली लॅब पुरते. दुसऱ्याला सॅम्पलबरोबर प्रवाह मोजावाच लागतो. मॉडेल लागतं ते फक्त तिसऱ्याला, कारण जे अजून घडलंच नाहीये ते मोजता येत नाही. मुलं नेमकी उलटी सुरुवात करतात, आधी सॉफ्टवेअर डाउनलोड करतात आणि मग त्याला घालायला डेटा शोधत बसतात.

पहिल्या प्रश्नासाठी तुलना कशाशी करायची ते ठरलेलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार वर्ग केलेत. आंघोळीच्या पाण्यात डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला किमान ५ मिलीग्रॅम पाहिजे, बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात तो, ३ च्या आत, आणि मैलापाण्याचे जंतू म्हणजे फीकल कोलिफॉर्म १०० मिलीलिटरला ५०० पर्यंत असावेत, फार तर २५०० चालतात. मासे आणि वन्यजीवांसाठी डीओ किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ च्या आत. शेतीच्या पाण्यात बीओडी बघतच नाहीत, तिथं क्षार बघतात. म्हणजे एकच पाणी एका कामाला नापास आणि दुसऱ्याला पास होऊ शकतं, त्यामुळे "नदी प्रदूषित आहे का" हा प्रश्न अर्धवट आहे, कशासाठी ते जोडायलाच हवं.

नदी पायी बघा, ईसी मीटर हातात घेऊन

कुठल्याही नकाशाआधी हे करा. कान्ह आणि सरस्वती या दोन नद्या शहरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ मिळतात, पुढे कान्ह कबीटखेडीवरून सांवेरकडे जाते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. आता एक गोष्ट लक्षात घ्या जी मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली. आपण इंदूरकर १९७८ पासून जलूदहून पंपाने चढवलेलं नर्मदेचं पाणी पितो. मग मे महिन्यात, जेव्हा डोंगरावरून टिपूसही येत नाही, तेव्हा कान्हमध्ये जे वाहतंय ते बहुतेक आपल्याच न्हाणीघरांतून आणि मोऱ्यांतून आलेलं नर्मदेचंच पाणी असतं, काही शुद्ध होऊन आलेलं आणि काही तसंच. पुस्तकातली नदी म्हणजे वरून स्वच्छ पाणी येतं आणि वाटेत नाले मिळतात. इथं उन्हाळ्यात वरचं पाणीच नाही, त्यामुळे पुस्तकातली बरीच गृहीतकं इथं लागू होत नाहीत, हे पुढे मॉडेलपर्यंत लक्षात ठेवा.

ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं पेनासारखं यंत्र, स्वस्त आहे आणि दोन सेकंदात आकडा देतं. काठाकाठाने चालत दर शंभर-दोनशे मीटरला आकडा घ्या. जिथं आकडा एकदम उडी मारेल तिथं आसपास काहीतरी येऊन मिळतंय, कधी ते पाइपातून दिसतं, कधी झुडपांमागे दडलेलं असतं. आम्हाला एकदा असंच चालताना नाल्याचं एक तोंड सापडलं जे आमच्या हातातल्या नकाशात नव्हतंच, वरून फरशी टाकलेली आणि खालून कोमट पाणी, हात जवळ नेला तरी वाफ जाणवायची. एका सकाळच्या चालण्यात जेवढं कळतं तेवढं महिनाभर लॅबमध्ये बसून कळत नाही हे मी अगदी मनापासून सांगतोय.

जागा ठरवताना

प्रत्येक मोठ्या नाल्यासाठी तीन ठिकाणं लागतात, नाल्याच्या वर नदीत, खुद्द नाल्यात, आणि खाली पाणी पुरतं मिसळल्यावर. हे तिसरंच सगळ्यात जास्त चुकतं. नाला मिळतो तिथं दोन रंगांचे पट्टे बराच वेळ शेजारी शेजारी वाहत राहतात, पुलावरून बघा, स्पष्ट दिसतात. तिथं डाव्या काठाला सॅम्पल घेतलं तर नाला हाती लागतो आणि उजव्या काठाला घेतलं तर वरची नदी. मिसळलंय का ते परत ईसीनेच बघायचं, नदीच्या आडवे पाच ठिकाणी आकडे घ्या, सारखे आले की ती जागा पक्की. पूल असेल तर सोनं, कारण मधल्या धारेत दोरीने बादली सोडता येते आणि पाण्यात उतरावं लागत नाही.

पाण्यात उतरावं लागलंच तर गमबूट आणि लांब हातमोजे, जखम असेल तर उतरायचंच नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं आणि एकटं कधीच जायचं नाही. माळव्यातली काळी माती पावसाळ्यात पाय गिळते. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असल्याच पाण्यातून होतो, याला हलक्यात घेऊ नका.

प्रवाह मोजल्याशिवाय परत येऊ नका

मला एकच गोष्ट सांगायला दिली तर मी ही सांगेन. बीओडी ६० आला म्हणजे काय झालं? पाणी बोटाएवढ्या धारेचं होतं की ओढ्याएवढं? आकडा तोच, पण नदीवर पडणारं ओझं शंभर पट वेगळं. लॅबच्या रिपोर्टात प्रवाहाचा रकाना नसतो म्हणून कुणी मोजत नाही आणि मग सगळी मेहनत तुलनेला निरुपयोगी ठरते.

प्रवाहाचा वेग मोजणारा महागडा करंट मीटर नसेल तर संत्रं घ्या. खरंच संत्रं, कारण ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही आणि लांबून दिसतं. सरळ पट्टा बघून काठावर २० मीटर अंतर मोजा, संत्रं सोडा, सेकंद मोजा, चार-पाच वेळा. समजा ५० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी सावकाश चालतं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.३४ झाले. मग टेपने रुंदी आणि खुणा केलेल्या काठीने दर मीटरला खोली मोजा. रुंदी ८ मीटर आणि सरासरी खोली ०.४ मीटर असेल तर क्षेत्रफळ ३.२, गुणाकार केला की सेकंदाला साधारण १.१ घनमीटर. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल, होऊ दे, मोजलंच नाही त्यापेक्षा हजार पटीने बरं.

आता ओझ्याचा हिशेब. घनमीटर प्रति सेकंद गुणिले मिलीग्रॅम प्रति लिटर गुणिले ८६.४, उत्तर येतं किलो प्रति दिवस. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. नदीत वरून ०.५ घनमीटर येतंय, बीओडी ४, म्हणजे दिवसाला १७३ किलो. नाला ०.२ घनमीटर, बीओडी ६०, म्हणजे १०३७ किलो. पाण्यात नाल्याचा वाटा तीस टक्क्यांहून कमी आणि घाणीत पंच्याऐंशी टक्के. मिसळल्यावर बीओडी किती तर दोन्ही गुणाकारांची बेरीज भागिले एकूण पाणी, २ अधिक १२ भागिले ०.७, बरोबर २०. हे वहीत झालं, कॅल्क्युलेटरही लागला नाही, आणि हेच तुमचं पहिलं मॉडेल. खाली जाऊन मोजलं आणि २० ऐवजी ३५ आलं तर समजायचं की मध्ये अजून एक नाला आहे जो तुम्हाला दिसला नाही. दुसऱ्या जातीचे प्रश्न नव्वद टक्के इथंच सुटतात.

किती वाजता

शहर सकाळी सात ते दहा आंघोळ-धुणी करतं, ते पाणी नाल्यांतून नदीत काही तासांनी पोचतं, पहाटे तीनला नाला जवळजवळ झोपलेला असतो. डीओचं याहून वेगळं, जिथं शेवाळ आहे तिथं दुपारी तीनला उन्हात ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे तोच तळाला जातो, कारण रात्री शेवाळही श्वास घेतं. मासे मरतात ते पहाटे आणि मुलं सॅम्पल घेतात दुपारी बाराला कारण कॉलेज सुटतं तेव्हा. निदान एक दिवस तरी चोवीस तास दर दोन तासांनी बाटल्या भरा आणि प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून एक सॅम्पल करा. जमत नसेल तर पहाट, दहा आणि तीन, या तीन वेळा तरी घ्याच. ऋतूंचंही तसंच, मे, पहिल्या मोठ्या पावसानंतरचा दिवस, भर पावसाळा आणि जानेवारी. पहिला पाऊस रस्त्यांची सगळी घाण एका तासात नदीत आणतो, भर पावसाळ्यात मात्र पाणी एवढं असतं की सगळं विरळ होऊन आकडे गोंडस दिसतात.

काय मोजायचं

सगळं मोजायचा मोह होतो, पैसे संपतात. तपमान, पीएच, ईसी, डीओ जागेवरच. बीओडी, सीओडी, अमोनिया, फीकल कोलिफॉर्म लॅबमध्ये. मैलापाण्याच्या नदीला एवढं पुरतं. सीओडी म्हणजे रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन. सीओडी भागिले बीओडी दोनच्या आसपास असेल तर घरगुती मैलापाणी, तीन-चारच्या वर जायला लागलं की कारखान्याचं पाणी असल्याचा संशय घ्या आणि मग जड धातू बघा. तेही पाण्यात शोधण्याआधी तळाच्या गाळात शोधा, कारण कारखान्याचं पाणी रात्री येऊन निघून जातं पण गाळ महिनोन्महिने आठवण ठेवतो.

डीओसाठी मीटर असला तरी विंकलर पद्धत एकदा हाताने कराच. ३०० मिलीलिटरची काचेची बाटली बुडबुडा न येता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटने आत सोडायचं, झाकण लावून उलटसुलट करायचं. ऑक्सिजन असेल तर आत चहासारखा तपकिरी गोळा तयार होऊन हळूहळू खाली बसतो. मी पहिल्यांदा शहराखालच्या एका पुलावर हे केलं तेव्हा आत पांढरा गोळा बसला, कापसासारखा शुभ्र. मला वाटलं रसायन खराब आहे, म्हणून दुसऱ्या बाटलीत परत केलं, तोही पांढरा. मग डोक्यात उजेड पडला की पांढरा म्हणजे ऑक्सिजनच नाही, शून्य. खाली पाणी वाहत होतं, काठावर बगळा उभा होता, आणि त्या पाण्यात मासा एक क्षण जगला नसता. ते पांढरं बघितल्यावर जे कळतं ते मीटरवरच्या शून्याने कळत नाही.

मीटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे २७ अंशाला पाण्यात जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास ऑक्सिजन मावतो, आठ नाही. मीटर कॅलिब्रेट करताना उंची किंवा दाब घातला नाही तर तुमचे सगळे आकडे थोडे थोडे खोटे.

बीओडीत आपल्याकडे बाटली २७ अंशाला ३ दिवस ठेवून डीओ किती कमी झाला ते बघतात, परदेशी पुस्तकांत २० अंशाला ५ दिवस असतं, तुलना करताना हे बघा. आमच्या पहिल्या खेपेचे सगळे बीओडी वाया गेले कारण आम्ही पाणी पुरेसं विरळ केलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी बाटल्या उघडल्या तर सगळ्यांत डीओ शून्य, म्हणजे किती खाल्ला ते कळायला मार्गच नाही. नियम असा की शेवटी किमान १ शिल्लक राहायला हवा आणि किमान २ खर्च व्हायला हवा. कच्च्या मैलापाण्याचा अंदाज २०० असेल तर ३०० मिलीलिटरच्या बाटलीत ५ मिलीलिटरच सॅम्पल, नदीचा अंदाज २० असेल तर ६० मिलीलिटर. अंदाज नसेल तर एकाच सॅम्पलच्या तीन वेगवेगळ्या प्रमाणांच्या बाटल्या लावा.

बीओडीच्या बाटल्या बर्फात आणि अंधारात, चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये. कोलिफॉर्मला निर्जंतुक बाटली, तोंड पाणी जिकडून येतं तिकडे, आणि शक्यतो सहा तासांत. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. दर दहा सॅम्पलमागे एक जोड-सॅम्पल घ्या, त्याच जागेची दुसरी बाटली वेगळ्या नावाने लॅबला द्या, दोन्ही आकडे जवळ आले तरच बाकीच्यांवर विश्वास.

अमोनियाचा एक बारकावा. लॅब एकूण अमोनिया देते पण माशांना मारतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएचवर ठरतो. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एक टक्क्याहून कमी, ८ ला सात-आठ टक्के, ९ ला पंचेचाळीस. म्हणून पीएच आणि तपमान त्याच क्षणी त्याच जागी लिहिलेलं नसेल तर अमोनियाचा आकडा फारसा उपयोगाचा नाही.

किडे आणि उपग्रह

रसायनं त्या क्षणाचं सांगतात, तळाचे किडे गेल्या काही आठवड्यांचं. दगड उलटून बघा, मेफ्लाय किंवा कॅडिसफ्लायच्या अळ्या दिसल्या तर पाणी बरं, नुसत्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स गांडुळं दिसली तर ऑक्सिजनची बोंब. यासाठी गुण देण्याच्या पद्धती आहेत आणि त्या शाळेच्या मुलांनाही शिकवता येतात. पैसे कमी असतील तर मी लॅबचा अर्धा खर्च वाचवून हे करायला सांगेन.

उपग्रहाबद्दल मुलं फार विचारतात. सेंटिनेल-२ चा एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा असतो, लँडसॅटचा ३० चा. शहरातली कान्ह बऱ्याच जागी एक-दोन ठिपक्यांएवढी, त्यात काठची झाडं आणि पुलाची सावली मिसळते. मोठ्या जलाशयाला वापरा, इथं नको. कायम पाण्यात ठेवायचे सेन्सर चांगले आहेत पण मैलापाण्यात त्यांच्यावर काही दिवसांतच चिकट थर बसतो, पुसायला माणूस नसेल तर घेऊ नका.

आता मॉडेल

वहीतल्या हिशेबाच्या पुढची पायरी म्हणजे स्ट्रीटर आणि फेल्प्स यांचं समीकरण, १९२५ चं, अमेरिकेतल्या ओहायो नदीवरचं. घाण ऑक्सिजन खाते आणि हवेतून तो परत मिसळतो, दोन्हींची शर्यत. सेकंदाला ०.३ मीटर वेगाने पाणी दिवसात २६ किलोमीटर जातं. घाण कुजण्याचा दर २० अंशाला दिवसाला ०.२५ धरला आणि तपमानाची दुरुस्ती केली तर मघाचा २० बीओडी मे महिन्यात, ३० अंशाला, २६ किलोमीटरवर साडेतेरा उरतो, जानेवारीत १७ अंशाला सोळा. थंडीत घाण लांबपर्यंत जाते, पण उन्हाळ्यात ती ऑक्सिजन जवळच आणि जोरात ओढते. उथळ पाणी हवेतून भराभर ऑक्सिजन घेतं, खोली निम्मी केली तर तो दर जवळजवळ तिप्पट होतो, म्हणून बंधाऱ्यामागे साचलेलं खोल पाणी सगळ्यात वाईट.

पण डीओ शून्याला पोचला की हे समीकरण आंधळेपणाने उणे आकडे देत राहतं, उणे ऑक्सिजन असं काही नसतं. कान्हसारख्या नदीत हे होणारच, तिथं क्वॉल-टू-के सारखं मॉडेल घ्या, ते एक्सेलवर चालतं, फुकट आहे, नायट्रोजन, शेवाळ, गाळ सगळं धरतं. ते स्थिर प्रवाहासाठी, म्हणजे मेसाठी उत्तम. पुराची, पहिल्या पावसाची गोष्ट असेल तर वेळेनुसार बदलणारं हेक-रास किंवा वॉस्प. शेतातून येणाऱ्या खतांचा प्रश्न असेल, सांवेरच्या पुढच्या पट्ट्यासारखा, तर स्वॅट, पण त्याला जमीन, माती, पाऊस, उतार असा डोंगरभर डेटा लागतो. तुमच्याकडे आठ सॅम्पल असतील तर स्वॅट उघडूच नका.

मे महिन्याच्या डेटावर मॉडेल जुळवलं तर जानेवारीच्या डेटावर तपासा, त्याच डेटावर जुळवून त्याच डेटावर बरोबर आलं म्हणणं म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच सोडवणं. आणि एकेक दर वीस टक्के वर-खाली करून बघा, ज्याने उत्तर सगळ्यात जास्त हलतं तोच पुढच्या खेपेला नीट मोजायचा.

२०२८ चा सिंहस्थ जवळ आलाय. त्रिवेणी उज्जैनच्या मुख्य घाटांच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे आपल्या मोऱ्यांचं पाणी तिथल्या आंघोळीच्या पाण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे हे काम कुणीतरी मुलांनी नीट करावं असं मला फार वाटतं.

पहिल्या दिवशी बरोबर घ्या, विंकलरच्या चार बाटल्या, थर्मामीटर, ईसी आणि पीएच मीटर, दोरी-बादली, टेप, खुणांची काठी, दोन संत्री, बर्फाचा डबा, हातमोजे, आणि वही पेन्सिलीसकट, कारण पेनाची शाई ओल्या हाताने पसरते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, जागा, पाणी किती आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का ते लिहा. पहाटे साडेपाचला छत्र्यांजवळच्या पुलावर भेटा.